डब्यावरचे अकरा भाव

रोसारियो. एकोणीसशे एकोणनव्वद.
जून, म्हणजे तिकडची थंडी.
नेलिदाच्या हातात भावाची बंदूक.
खटक्, टोमॅटोचा डबा.
खटक्, तेल. खटक्, येर्बाची पुडी.
पहिली रांग संपते न संपते
तोच छतावरचा कर्णा खाकरतो :
"सगळ्या मालावर तीस टक्के."
आणि ती पुन्हा पहिल्या डब्यापाशी,
जुन्या भावावर नवा भाव,
कांद्याची सालं उलटी चढवत जावं तसं.

गिऱ्हाईकं तिच्या पुढं धावतात.
पगार खिशात कोमट आहे तोवर संपवायचा,
दुपारी त्याचा नुसता कागद होतो.
गुडघे धरलेल्या बेर्ताग्नीबाईसुद्धा
बंदुकीच्या एक डबा पुढं राहायला शिकल्यात.
काल त्यांनी नऊ मेणबत्त्या घेतल्या
आणि बुटाचं पॉलिश.
"बूट कुठायत तुमचे?"
"विकले गं. पण पॉलिश नासत नाही."

एवढी मागणी मी जन्मात पाहिली नव्हती,
नेलिदा म्हणते.
आणि दाराबाहेर कठड्यावर
काहीही न मागता बसलेली एवढी माणसंही.
त्यांची भूक कर्ण्याला ऐकू जात नाही.
मला वाटायचं, भूक आणि मागणी
एकाच गोष्टीची दोन नावं असतील.

घरी एर्मिन्दो.
बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर बावीस वर्षं.
तिसरा आठवडा, भट्टी गार.
हात आहेत, साचे आहेत, चारशेवीस ट्रे आहेत
(रोज जाऊन मोजून येतो, चारशेवीसच भरतात),
पीठ गिरणीत आहे, पोत्यांची थप्पी खिडकीतून दिसते,
गिरणीवाला म्हणतो, उद्या या.
उद्या गेलं की म्हणतो, उद्या.
आडात आहे, पोहराही धड आहे,
दोर तेवढा
उद्याच्या भावाची वाट बघत बसलाय.

मिर्ता वाणिज्य शाळेत.
जेवणाच्या टेबलावर वही उघडून दोन रेघा काढते.
ही मागणीची, उतरत येते.
ही पुरवठ्याची, चढत जाते.
"एका डब्याची नाही हं आई, अख्ख्या देशाची. एकूण."
नेलिदाला ती कात्री दिसते.
"आणि पुरवठ्याची रेघ डावीकडे सरकली
की भाव वर, काम खाली. दोन्ही एकदम."
एर्मिन्दो बराच वेळ रेघेकडे बघतो.
"कोण सरकवतं?"
मिर्ताची पेन्सिल थांबते.
पुस्तकात नुसतं 'सरकते' असं लिहिलंय.

रात्री एकाच गादीवर दोघं.
ती हात दुखून झोपलेली,
बोटं झोपेतही खटक् खटक्.
तो न दमल्यामुळे जागा.
चारला उठायची सवय,
म्हणून चारला उठून बसतो,
अंधारात,
कुठल्याच कामाला उशीर न होता.

शनिवारी तिला एक चेपलेला डबा स्वस्तात मिळाला.
मिर्तानं नखानं लेबलं सोलली,
एकेक वहीत चिकटवली, नीट, ओळीनं.
अकरा.
सगळ्यात खालचं फेब्रुवारीतलं.
एर्मिन्दोनं तो आकडा मोठ्यानं वाचला,
पाडून टाकलेल्या घराचा पत्ता वाचावा तसा.
त्या पैशांत आज
डब्याचं झाकणही आलं नसतं.

मग डबा उघडला.
आत टोमॅटो फेब्रुवारीत होते तेवढेच होते.
चार. माणसं तीन.

"चौथा ठेवू या," एर्मिन्दो म्हणाला,
"उद्यापर्यंत."

नेलिदाचा चमचा हवेतच राहिला.
"तूसुद्धा?"